तुळशीदासबाब तोलून बघतात

सकाळी पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत आमच्या वाड्यावर शिरला की बायका पदराला हात पुसत बाहेर येतात, पोई, म्हणजे कोंड्याचे पाव, घेतात आणि आत जातात. तुळशीदासबाबांचं तसं नसतं. ते टोपलीतून दोन पोई उचलतात, एक डाव्या तळव्यावर ठेवतात, एक उजव्या तळव्यावर, आणि डोळे मिटतात. हात किंचित वरखाली होतात. पोदेर बिचारा एक पाय पेडलवर ठेवून उभा. शेजारचं कुत्रंसुद्धा आता सवयीने बसून घेतं. मग डोळे उघडतात आणि तुळशीदासबाब जाहीर करतात, "डावी जड."

आता डावी घेतली असेल असं तुम्हाला वाटतं ना? छे! "पण जड म्हणजे आत कच्ची असणार," असं म्हणून दोन्ही पोई परत टोपलीत जातात आणि नव्या दोन बाहेर येतात.

हा गृहस्थ आमचा सख्खा शेजारी. मधे फक्त एक बुटका दगडी गडगा आणि एक शेवग्याचं झाड. मी मूळची सावंतवाडीची, लग्न होऊन डिचोलीत आले, इथल्याच शाळेत मराठी शिकवते. शाळेत पोरांना गप्प करून जो आवाज शिल्लक राहतो तो मी तुळशीदासबाबांवर खर्च करते. ते मला 'बाय' म्हणतात, म्हणजे मुलगी. रागावले की 'मास्तरीण' म्हणतात.

जन्मभर ते पाळी गावाला एका खाणीच्या वजनकाट्यावर होते. खनिज मातीने भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, हे जनेलातून, म्हणजे खिडकीतून, बघायचे, आकडा मोठ्याने बोलायचे, ट्रक उतरायचा. असे किती ट्रक त्यांच्यासमोरून गेले असतील ते देवाला ठाऊक. पुढे खाण बंद पडली, काटा गंजला, पण हा माणूस काही काट्यावरून उतरला नाही. छत्री, टॉर्च, नारळ, केरसुणी, डॉक्टर, सगळं ते तोलतात. त्यांची वाक्यं दोनच. एक, "तोलून बघूया." आणि त्यावर कोणी चिडलं की दुसरं, "घाई कोणाक?"

घाई कोणाला असते ते सांगते. मासे विकणारीला असते. एकदा दारात तिची टोपली उतरवून घेतली, एका हातात बांगडे, एका हातात तारले, आणि डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा ती आपले मासे त्यांच्या हातातून काढून घेऊन पुढच्या वाड्यावर पोचली होती. त्या दिवशी त्यांच्याकडे डाळ शिजली.

लग्नाचीही तीच कथा. ही मला त्यांच्या बायकोनेच सांगितली, प्रेमावयनींनी. तुळशीदासबाबांना दोन मुली सांगून आल्या होत्या, एक पेडण्याची आणि एक अस्नोड्याची. ह्यांचं तोलणं सुरू झालं. आंब्याला मोहोर आला, आंबे झाले, आंबे संपले. "पेडण्याची कंटाळून दुसऱ्याच्या घरी गेली," प्रेमावयनी मला म्हणाल्या, "उरली ती मी. ह्यांनी मला पसंत केली असं लोक म्हणतात. कसलं पसंत! मी उरले." आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की ठसका लागला.

प्रेमावयनी म्हणजे बोलायला फटकळ आणि हाताने सैल. नारळ फोडला की अर्धी कवड गडग्यावरून आमच्याकडे यायचीच. गेल्या काही वर्षांत मात्र त्यांची किडनी गेली. आता सोमवारी आणि गुरुवारी म्हापशाला इस्पितळात जाऊन डायलिसिस करून घ्यावं लागतं. डावा हात मशीनला जोडायचा आणि चार-चार तास खुर्चीत पडून राहायचं. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलंय, फेरी चुकवायची नाही. चुकली की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, मग ते पाणी छातीत चढतं. पुढचं डॉक्टर बोलले नाहीत, पण आम्ही काय कुकुलं बाळ आहोत?

आणि एका गुरुवारी प्रेमावयनी नेसून-सवरून बाहेर आल्या, सोप्यावर बसल्या आणि उठायला तयार होईनात.

"मी येणार नाही."

"अगो, बस येतली आता."

"येऊ दे. सांगा तिला, प्रेमावती येत नाही."

आवाज ऐकून मी गडग्यापाशी गेले. तुळशीदासबाब अंगणात उभे, हातात पाण्याची बाटली आणि वयनींची पिशवी.

"वर पंखा, समोर भिंत, भिंतीवर कॅलेंडर," वयनी सांगत होत्या. "त्या कॅलेंडरावरच्या गणपतीला पण माझा वीट आला असेल. तुमी बाहेर बाकावर पेंगता. मी आत एकटी. एक हात बांधलेला, दुसऱ्याने काय करू, माशा मारू? पुरे झालं आता. जे व्हायचं ते होऊ दे."

 तुळशीदासबाबांनी पिशवी आणि बाटली पायरीवर ठेवली. मग म्हणाले, "मग तुला काय हवं गो?"

वयनींनी नवऱ्याकडे असं बघितलं की जणू हा प्रश्न लग्नानंतर पहिल्यांदाच कानावर पडला असावा. मग म्हणाल्या, "माझा बाबलो द्या हातात. मग येते."

आता हा बाबलो कोण, ते सांगायला हवं. त्यांचा मुलगा मंगेश शाळेत होता तेव्हा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून वयनींनी त्याला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. तुळशीदासबाब तेव्हा पलीकडच्या दुकानात दोन छत्र्या तोलत होते, म्हणून तो घेता आला. पिवळी कॅसेट खोचायची, बटणं दाबायची. मंगेश शाळेत गेला की दुपारी जेवणं आटोपून वयनी स्वतः खेळायच्या. पडद्यावर अंगठ्याएवढा एक टोपीवाला पळत सुटायचा, खड्डा आला की उडी मारायची. त्याचं नाव वयनींनी ठेवलं बाबलो. बाबल्याला शेवटी एक पूल लागायचा, आणि पाय ठेवला की तो पूल मागून कोसळत यायचा. तो पूल वयनींना कधी पार करता आला नाही. कधी वीज जायची, कधी मंगेश शाळेतून यायचा. पुढे मंगेश लंडनला गेला, आणि त्या डब्यात मुंग्यांनी घर केलं.

तर वयनींनी तो बाबलो मागितला. थट्टेने नव्हे, आणि अगदी खरोखरही नव्हे. त्यांचा हिशेब साधा होता. ह्या माणसाला वस्तू निवडता येणार नाही, म्हणजे ती घरात येणार नाही, म्हणजे आपल्याला जावं लागणार नाही. इतकी वर्षं संसार केलेली बाई ती, तिला नवरा पुरता ठाऊक होता.

त्या दिवशीची फेरी चुकलीच. संध्याकाळी तुळशीदासबाब गडग्यापाशी आले. "बाय, सोमवारच्या आत मला तो खेळ हवा. तुझ्या मोबाईलात बघ."

मी बघितलं आणि कपाळाला हात लावला. एक प्रकार असता तर काम झालं असतं, पण निघाले दोन. एक हातात धरायचा, त्यालाच छोटा पडदा, बॅटरीवर चालणारा. दुसरा जुन्यासारखा टीव्हीला जोडायचा, दोन रिमोटवाला. मी दोन्ही चित्रं दाखवली. तुळशीदासबाबांचे दोन्ही हात आपोआप वर आले आणि डोळे मिटले.

"बाब," मी ओरडले, "मोबाईल तोलता येत नाही!"

"दोन आसत तर तोलून बघायला हवं गो. घाई कोणाक?"

"वयनींना आहे," मी म्हटलं. त्यांनी डोळे उघडले. हात खाली घेतले.

शुक्रवारी माझी शाळा सकाळची, म्हणून दुपारी त्यांना स्कूटरवर मागे बसवून म्हापशाला नेलं. शुक्रवारचा बाजार म्हणजे चोरिस सॉसेजच्या माळा, मडकी, केळीची रोपं, माणसांवर माणसं. त्यातून वाट काढत बसस्टँडजवळच्या एका खेळण्यांच्या दुकानात पोचलो. दुकानदार बेळगावकडचा, पोट सुटलेला, गळ्यात चष्मा लटकवलेला.

"या की ओ काका! कुणासाठी, नातवाला?"

"बायकोला," तुळशीदासबाब म्हणाले.

दुकानदाराने चष्मा डोळ्यांना लावून एकदा त्यांना आणि एकदा मला बघितलं. माझ्याकडे जरा जास्तच बघितलं. मी घाईघाईने म्हटलं, "त्यांची बायको घरी आहे. मी शेजारीण."

त्याने दोन डबे काढले. "हे बघा, हातात धरून खेळायचं. बसमध्ये खेळा, बाकावर खेळा. आणि हे टीव्हीला लावायचं, दोघं बसून खेळा. दोन्ही रेट्रो आहे बघा."

"रेट्रो म्हणजे?"

"जुनं ओ. पण नवीन केल्यालं."

"जुनं तर आमच्या माळ्यावर आसा. मुंग्यांसकट."

"तसं नव्हे ओ काका. ते नुसतं जुनं. हे रेट्रो!"

तुळशीदासबाबांनी दोन्ही डबे दोन तळव्यांवर घेतले आणि भर बाजारात डोळे मिटले. हात वरखाली. लोक थबकायला लागले. मिरच्या घेऊन चाललेल्या एका म्हातारीने पिशवी खाली ठेवून हात जोडले. मागून कोणीतरी मला हळूच विचारलं, "अंगात आलंय काय?"

"हातातला हलका," डोळे उघडून तुळशीदासबाब म्हणाले. "आत काय नाय."

"आत हजारो गेम आहेत ओ!"

"हजारो गेम आणि एवढंच वजन? मग एकेक गेम किती पोकळ असतलो, तूच सांग."

 दुकान थाटल्यापासून दुकानदाराला हा प्रश्न कोणी विचारला नसणार. मग तुळशीदासबाबांनी विचारलं, "ह्यात बाबलो आसा?"

"कोण बाबलो?"

"पळता. टोपी आसा. खड्डो इलो काय उडी मारता. शेवटी पूल पडता."

"काका, सगळेच पळतात. सगळेच उड्या मारतात. तुमचा कुठला ते कसं ओळखायचं?" तरी माणूस भला. त्याने टीव्हीला एक डबा जोडला, दुसरा हातात घेतला, आणि दोन्हीकडे शोधत बसला. आणि बाबलो सापडला हो! तीच टोपी, तेच पळणं. माझाच जीव भांड्यात पडला. पण सापडला तो दोन्हीत. एकात नसता तर आम्ही सुटलो असतो.

मग तुळशीदासबाबांच्या शंका निघाल्या. हातातल्याचा पडदा लहान, वयनींना दिसेल? बॅटरी मधेच मेली तर? टीव्हीचा घ्यावा तर इस्पितळात तो लावणार कुठे? वॉर्डात टीव्ही आहे, पण त्याचा रिमोट हरवलाय आणि त्यावर कायम कुठलीशी पूजा चालू असते. पूजा बंद करून बाबल्याला लावला तर सिस्टर ऐकेल? बाकीचे पेशंट काय म्हणतील? आणि घरीच लावला तर खुर्चीतल्या चार तासांचं काय? सगळ्या शंका खऱ्या होत्या, तेच तर दुःख. दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं तेव्हा आम्ही रिकाम्या हाताने बाहेर पडलो.

घरी वयनी सोप्यावर होत्या. "आणला?"

"तोलतंय."

"तोला, सावकाश तोला," वयनी खूश होऊन म्हणाल्या. पण त्यांचे पाय खाली लोंबत होते आणि पायांवर सूज चढली होती. चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. मला ते बघून हसू आलं नाही.

शनिवारी ही बातमी गावभर. न्हाव्याच्या दुकानात, आमच्या स्टाफरूममध्ये, चहाच्या गाड्यावर, सगळीकडे दोन पक्ष पडले. हातवाले आणि टीव्हीवाले. पंचायतीच्या निवडणुकीत दिसत नाही एवढा जोर. ज्यांनी आयुष्यात ह्यातलं काही बघितलेलं नाही ते सगळ्यांत जास्त बोलत होते. आमचे हे टीव्हीवाल्यांत. "मोठ्या पडद्याची मजा वेगळीच," म्हणाले. ह्यांनी उभ्या जन्मात पत्त्यांशिवाय काही खेळलेलं नाही. एका शहाण्याने तिसराच मार्ग काढला, "मोबाईलवर खेळा की, फुकट!" तो निरोप वयनींकडे पोचला तेव्हा उत्तर आलं, "काचेवर बोट फिरवायला मी काय चटणीची चव बघतेय? बटण हवं. दाबलं की टक् व्हायला हवं."

असं करता करता रविवार उजाडला. सकाळी तुळशीदासबाब धूतवस्त्र नेसून, हातात नारळ घेऊन गडग्यापाशी. "बाय, देवळात चल. देवाक कौल लावतंय."

आमच्याकडे लग्न, विहीर, नोकरी, भांडण, काहीही अडलं की देवाला विचारायची रीत आहे. गुरव देवाच्या अंगावर उजव्या बाजूला आणि डाव्या बाजूला ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि ज्या बाजूची पाकळी आधी पडेल तो देवाचा शब्द. पण व्हिडिओ गेमचा कौल? मी म्हटलं, "बाब, देव काय म्हणेल?"

"म्हणतलो काय? तो पण तोलूनच सांगतलो."

देवळात आमच्या आधी एकाने व्हिसाचं विचारलं, एका बाईने विहिरीचं. मग आमची पाळी. गुरवाला समजावता समजावता मला घाम फुटला.

"म्हणजे हातातला तो उजवो, आणि टीव्हीचो तो डावो?" गुरवाने पुन्हा विचारून घेतलं. "आणि टीव्हीचो म्हणजे त्यात मालिका दिसतत?"

"नाय रे. खेळ."

गुरवाने एक उसासा सोडला, पाकळ्या लावल्या आणि आवाज चढवला. "हे देवा महाराजा! ह्या तुझ्या लेकराच्या घरात आज पेच पडलो आसा, महाराजा!"

"व्हय महाराजा!" मागचे सगळे ओरडले.

"हातात धरूचो खेळ घेऊचो काय टीव्हीक लावूचो घेऊचो, ह्येचो निवाडो तूच कर, महाराजा!"

इथे मागच्यांचा "व्हय महाराजा" जरा डळमळला. व्हिसावाल्याने तर मान वळवून आम्हाला नीट बघून घेतलं. तुळशीदासबाब मात्र हात जोडून, डोळे घट्ट मिटून उभे. त्यांचे ओठ हलत होते. मी अगदी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. ते खेळाबद्दल काही मागत नव्हते. "ती येऊ दे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. "माझ्याबरोबर उद्या येऊ दे."

बराच वेळ पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. आणि मग पडल्या. दोन्ही, एकदमच.

 गुरवाने खाली बघितलं, वर बघितलं, आणि म्हणाला, "तुळशीदासा, माझ्या बापाच्या काळापासून असं झालं नाही. देवाने हात टेकले रे तुझ्यापुढे. आता तुझं तू बघ."

परत येताना तुळशीदासबाब माझ्या मागून चालत होते. गडग्यापाशी आलो तेव्हा थांबले. "बाय," म्हणाले, "ट्रक तोलताना मी कधी चुकलंय नाय. लोकांचा माल होतो. ही माझी आसा तर हात कापतत. चुकीचा घेतला आणि ती म्हणाली हा नको, तर? मग तिला न्यायला माझ्याकडे दुसरं काय आसा?" आणि दारावरच्या प्रत्येक भाजीवाल्याला, पोदेराला, मासेवालीला छळणाऱ्या ह्या माणसाचे डोळे भरून आले.  मी नुसतं म्हटलं, "उद्या मी येते बरोबर."

सोमवारी वयनींना श्वास लागत होता. दोन वाक्यांमध्ये थांबावं लागत होतं. तरी तोंड चालूच. "दुकानापर्यंत येते," म्हणाल्या. "मला बघायचंय, हे काय करतात ते. पुढचं पुढे."

मी रजा टाकली आणि तिघं बसने म्हापशाला गेलो. बेळगाववाल्याने आम्हाला बघून आधी देवाच्या तसबिरीकडे बघितलं, मग दोन्ही डबे काउंटरवर ठेवले. वयनींना स्टूल दिलं. तुळशीदासबाबांनी एक डबा डाव्या हातात घेतला, एक उजव्या हातात, आणि डोळे मिटले. मी मनात म्हटलं, झालं, आता संध्याकाळ होणार.

तेवढ्यात वयनी खोकल्या. साधाच खोकला, पण मग श्वास घ्यायला त्यांना जरा जास्त वेळ लागला. तुळशीदासबाबांनी डोळे उघडले, बायकोकडे बघितलं, आणि दोन्ही डबे खाली ठेवले.

"हातातला द्या," म्हणाले. "ती जाईल तिथे तो जायला हवा. चल गो, उशीर होता."

दुकानदाराने घाईघाईने डबा पिशवीत घातला.  हा माणूस असं काही करेल हे वयनींच्या हिशेबात नव्हतंच. पण शब्द म्हणजे शब्द. उठल्या आणि निमूट इस्पितळात आल्या.

वॉर्डात आत एकालाच सोडतात, म्हणून मी दारात उभी राहिले. सिस्टरने वयनींना खुर्चीत निजवलं, डाव्या हाताला सुया लावल्या, नळ्या जोडल्या, मशीन सुरू झालं. "डावा हात हलवायचा नाही हं," म्हणाली. तुळशीदासबाबांनी डबा फोडला, देवाला दाखवावा तसा खेळ वयनींसमोर धरला आणि उजव्या हातात दिला.

आणि मग आमच्या सगळ्यांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. त्या खेळाला डावीकडे पळायची बटणं होती आणि उजवीकडे उडीचं. तो खेळायला दोन हात लागतात. वयनींना एकच मोकळा होता.

सांगा आता! दुकानदार, स्टाफरूम, न्हावी, आमचे हे, मी शिकलेली मास्तरीण, सगळं गाव चार दिवस चर्चा करत होतं. पडदा, बॅटरी, वायर, किंमत, काही सोडलं नाही. बाईचा एक हात बांधलेला असतो हे एकाच्याही लक्षात आलं नाही. तिने तर तोंडाने सांगितलं होतं.

वयनींनी उजव्या अंगठ्याने उडीचं बटण दाबून बघितलं. टक् झालं. बाबल्याने जागच्या जागी उडी मारली आणि तिथेच उभा राहिला. पुन्हा टक्. पुन्हा तिथेच.  खेळ त्यांनी पोटावर ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे बघितलं. गेले कित्येक महिने ज्या कॅलेंडराला त्या शिव्या घालत होत्या त्याच्याकडे.  मी मनात म्हटलं, येत्या गुरुवारी ही बाई काही येत नाही.

तुळशीदासबाबांनी हात वर नेले नाहीत. डोळेही मिटले नाहीत. कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि मशीन आणि खुर्चीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आडवे होऊन शिरले.

"काका, तिथे नाही बसायचं! नळीला धक्का लागेल!"

"नाही लागणार," म्हणाले, आणि पोट आत ओढून बसले. वयनींच्या पोटावरचा खेळ उचलला, त्याचं उजवं टोक वयनींच्या हातात दिलं आणि डावं टोक स्वतःच्या हातात धरलं. "मी पळवतंय. उडी तू मार."

सिस्टर काहीतरी बोलणार होती. मग नळ्या तपासल्या, आणि "बरं, हात मात्र सांभाळा" म्हणून पुढच्या पेशंटकडे गेली.

बाबलो पळाला आणि पहिल्याच खड्ड्यात पडला.

"अहो, थांबलात कशाला?"

"खड्डो बघी होतंय गो. केवढो आसा तो."

"खड्डा काय तोलायचा असतो? पळवा!"

बाबलो पुन्हा पळाला, पुन्हा पडला. "उडी तुझ्याकडे आसा!" "तुमी थांबलात तर मी उडी मारून जाऊ कुठे?" "आधी सांग तरी!" "उडी काय सांगून मारतात?" शेजारच्या खुर्चीतला म्हातारा मान उंचावून बघायला लागला, आणि थोड्या वेळाने तोही ओरडायला लागला, "डावीकडे नव्हे हो, पुढे!" टीव्हीवर पूजा चालूच होती, तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. मशीन थांबल्याचा आवाज झाला तेव्हा वयनी सिस्टरला म्हणाल्या, "एवढ्यात?" तिथे हे असं आजवर कोणी म्हटलं नसेल. पूल काही पार झाला नव्हता. पुलापर्यंतसुद्धा पोचले नव्हते दोघं.

गुरुवारी सकाळी पोदेर आला. तुळशीदासबाबांनी दोन पोई उचलल्या, दोन तळव्यांवर ठेवल्या आणि डोळे मिटले. स्वभावाला औषध नाही, हे मी शाळेत शिकवते ते उगाच नाही.

"अहो, बस!" वयनी फाटकापाशी पिशवी घेऊन तयार उभ्या होत्या. पायांची सूज उतरली होती. "पूल राहिलाय आपला!"

तुळशीदासबाबांनी डोळे उघडले आणि पोदेराला म्हणाले, "दोन्ही घेतंय." पोदेराने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

मला शाळेला जायचं होतं म्हणून मीही त्यांच्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत गेले. वाटेत तुळशीदासबाब म्हणाले, "प्रेमा, मंगेशचो फोन इल्लो. तो म्हणता, तो दुसरो, टीव्हीचो, पण घ्या. घरी बसून खेळू. त्याला दोन रिमोट आसत. एक तुला, एक माका."

ते बायकोला नावाने हाक मारतात हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

 वयनी म्हणाल्या, "नको. त्यात तुमचं तुमी खेळणार आणि माझं मी."

"बरं," तुळशीदासबाब म्हणाले. तोलून बघूया म्हणाले नाहीत. बस आली, आणि वयनींचा डावा हात कोणाला लागू नये म्हणून ते त्या बाजूने चढले.